भाकरी खाते, पण हात लावू देत नाही

परभणीच्या मोंढ्यामागच्या गल्ल्यांत, मानवत-सेलूकडच्या जुन्या वाड्यांत, पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरांमागच्या परसात ही मांजर सगळ्यांच्या ओळखीची असते. सकाळी पातेल्याचा आवाज झाला की ती माळवदाच्या कठड्यावर येऊन बसते. वाडग्यात दूध-भाकरी कुस्करून ठेवली, तरी ठेवणारी बाई चार पावलं मागे सरकेपर्यंत खाली उतरत नाही. उतरली की भिंतीला अंग लावून खाते, दोन घासांमागे एकदा मान वर करते, आणि कुणी हात पुढे केला रे केला की पुन्हा पत्र्यावर. वर्ष जातं, दोन वर्षं जातात. वाडगं तेच, माणूसही तोच. अंतर मात्र तसूभर कमी होत नाही. मग घरात कुणीतरी म्हणतंच, "एवढं खाऊ घातलं, पण हिला काही माया नाही."

तिचंच एखादं पिल्लू महिन्याचं असताना शेजारच्या पोरांनी घरात नेलेलं असतं. ते आता गोधडीत झोपतं, दप्तरावर लोळतं, पाहुण्यांच्या मांडीवर चढतं. आई एक, गल्ली एक. मग एक माणसाळलेलं आणि दुसरी बुजरी, हा फरक आला कुठून? आणि मोठ्या मांजरीची भीती नंतर घालवता येते का?

बऱ्याच वेळा येते. मात्र त्यासाठी माया पुरत नाही. पळून जायची वाट मोकळी असताना ती आपणहून जवळ आली पाहिजे, आणि जवळ येऊनही तिचं काही बिघडलं नाही असं तिला पुन्हा पुन्हा दिसलं पाहिजे. माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. ती समजून घ्यायला आधी हा प्राणी माणसाजवळ आला कसा ते पाहू.

धान्यामागे उंदीर, उंदरामागे मांजर

जगभरातल्या मांजरांच्या जनुकांची तुलना करणारा एक मोठा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून दिसलं की आजची सगळी घरगुती मांजरं उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या एका छोट्या रानटी मांजराची वंशज आहेत. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं आहे. त्या बेटावर मांजर मुळात नव्हतंच, म्हणजे माणसाने ते होडीतून नेलं असणार. इतका जुना हा शेजार आहे.

शेजार म्हणतो ते विचार करूनच. गाय, बैल, शेळी यांना माणसाने दाव्याला बांधलं, चारा घातला, मारकी जनावरं बाजूला काढली, गरीब जनावरांची वीण वाढवली. मांजराच्या बाबतीत यातलं काहीच फारसं झालं नाही. माणसाने धान्य साठवलं, धान्याला उंदीर लागले आणि उंदरांच्या मागावर मांजर आलं. मराठवाड्यात ज्वारी पेवात आणि बळदात ठेवायचे, तेव्हाही मांजर त्याच कामाला होतं. आज मोंढ्यात तूर-सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्प्यांमधून फिरणारी मांजर तेच करते. तिला माणसाचं धान्य जवळ लागतं. माणूस जवळ असलाच पाहिजे असं नाही.

म्हणून माणसाची सोबत मांजर जन्मतः घेऊन येत नाही. प्रत्येक पिल्लाला ती नव्याने शिकावी लागते. लाडाकोडात वाढलेल्या मांजरीचं पिल्लूसुद्धा माणसाचा स्पर्श न होता वाढलं तर बुजरं निघतं, आणि बुजऱ्या मांजरीचं पिल्लू वेळेत हाताळलं तर घरचं होतं.

इथे एक सावधगिरीचा शब्द सांगून ठेवतो. गंगाखेड, पाथरीकडे ऊसतोडीच्या वेळी सरीत मांजरासारखी पिल्लं सापडतात. ती खऱ्या रानमांजराची असू शकतात. रानमांजराचे पाय लांब असतात, शेपूट आखूड असतं, त्यावर काळी कडी असतात आणि कानाच्या टोकाला केसांची लहानशी शेंडी असते. हा वेगळा, वन्य प्राणी आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला माणसाळवायला घरी आणू नये. पिल्लं होती तिथेच राहू द्यावीत, माणसांनी लांब सरावं आणि वन विभागाला कळवावं. आई बहुधा जवळच असते आणि अंधार पडल्यावर त्यांना घेऊन जाते.

दुसरा ते सातवा आठवडा

मांजराचं पिल्लू आंधळं जन्मतं. सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास डोळे उघडतात, तिसऱ्या आठवड्यात ते धडपडत चालू लागतं. नेमक्या याच दिवसांत त्याच्या मेंदूत एक नोंद होत असते: या जगात कोण कोण आपलं? या वेळी जे प्राणी, जे वास, जे आवाज नित्याचे असतील, ते पुढे आयुष्यभर बिनधोक वाटतात.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श या संशोधिकेने १९८० च्या दशकात हे पद्धतशीर तपासलं. काही पिल्लांना तिसऱ्या आठवड्यापासून रोज थोडा वेळ हातात घेतलं जाई, काहींना सातव्या आठवड्यापासून, तर काहींना अजिबात नाही. पुढे तपासलं तेव्हा लवकर हाताळलेली पिल्लं माणसाजवळ झटकन येत आणि मांडीवर जास्त वेळ थांबत. सातव्या आठवड्यानंतर सुरुवात झालेली पिल्लं अजिबात न हाताळलेल्यांपेक्षा फारशी वेगळी निघाली नाहीत. पुढच्या प्रयोगांतून दुसरा ते सातवा आठवडा हा सर्वांत नाजूक काळ ठरला. रोज पंधरा मिनिटांऐवजी चाळीस मिनिटं हाताळलेली पिल्लं अधिक धीट झाली, हेही दिसलं.

आता आपल्याकडची म्हण आठवा: मांजर सात घरं पिल्लं फिरवते. भाटी पोटमाळ्यावर, सरपणाच्या ढिगाऱ्यामागे, बंद खोलीतल्या जुन्या कणगीत विते. जरा कुणाची चाहूल लागली, बोक्याचा वास आला, की एकेक पिल्लू मानेला धरून दुसरीकडे नेते. तिच्या दृष्टीने ही उत्तम राखण आहे. पण लपवाछपवीचे तिचे आठवडे आणि माणसाची ओळख होण्याचे पिल्लांचे आठवडे एकच असतात. दोन महिन्यांची होऊन ती अंगणात दिसू लागतात, तेव्हा माणसाला पाहून फिस्कारायला शिकलेली असतात.

यात बापाचाही वाटा आहे. बोका पिल्लं सांभाळत नाही, बऱ्याचदा त्यांना बघतही नाही. म्हणजे त्याच्याकडून येईल ते रक्तातूनच. ब्रिटनमध्ये सँड्रा मॅकक्यून यांनी केलेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धीट बोक्यांची पिल्लं अनोळखी माणसाकडे लवकर गेली. विशेष म्हणजे कधीही न पाहिलेल्या खोक्याकडेही तीच आधी गेली. वारशात येतो तो नव्या गोष्टीपुढचा धीटपणा, माणसाबद्दलचा लळा नव्हे. त्यामुळे एकाच वाड्यात राहणाऱ्या दोन बुजऱ्या बहिणींपैकी एक महिन्याभरात जवळ येते आणि दुसरी वर्षभर कठड्यावरच राहते, तेव्हा आपलं काही चुकलं असं समजू नये.

भीती पोटात दिसते

बुजऱ्या मांजरीच्या अंगणात तुम्ही पाऊल टाकता तेव्हा तिच्या मेंदूतला बदामाच्या आकाराचा एक छोटा भाग धोक्याची सूचना देतो. विचार करायला वेळ लागतो, ही सूचना त्याआधी पोचते. अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरतं, हृदयाचे ठोके वाढतात, बुबुळं मोठी होतात, स्नायूंना रक्त जातं आणि पचन थांबतं. जीव वाचवायच्या वेळी भाकरी पचवणं हे शरीराच्या दृष्टीने दुय्यम काम.

ही शेवटची गोष्ट आपल्या फार उपयोगाची आहे, कारण मांजर खाते की नाही यावरून तिची भीती मोजता येते. तुम्ही दहा हातांवर बसला आहात आणि ती सावकाश खाते, म्हणजे दहा हात हे तिच्या लेखी ठीक अंतर. आठ हातांवर ती घास तोंडात धरून पळते, म्हणजे तिथे तिची सीमा आहे. झुरिचच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक राहिलेले प्राणितज्ज्ञ हायनी हेडिगर यांनी या सीमेला 'पलायन अंतर' म्हटलं होतं. धोका या अंतराच्या आत आला की प्राणी पळतो आणि पळायला वाटच नसेल तर उलटून हल्ला करतो. कोपऱ्यात कोंडलेलं मांजर अंगावर येतं ते यामुळे. फिस्कारणं हा तर हल्ला टाळण्याचा उपाय आहे. "पुढे येऊ नकोस" एवढंच ती सांगत असते, आणि तेव्हा मागे सरकलेला माणूस तिच्या दृष्टीने भाषा समजणारा ठरतो.

पीटर आणि ससा

भीती कशी उतरते, याचा एक जुना प्रयोग मांजरावर झालेला नाही, तीन वर्षांच्या आतल्या एका मुलावर झालेला आहे. मला तो या विषयात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

१९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी न्यूयॉर्कमधल्या पीटर नावाच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. पीटर सशाला घाबरे. लोकरी कोट, पिसं, कापूस यांनाही घाबरे. जोन्स यांनी त्याला उंच खुर्चीत बसवून आवडीचा खाऊ दिला आणि पिंजऱ्यातला ससा खोलीत आणून ठेवला. किती जवळ? तर पीटरचं खाणं थांबणार नाही इतकाच जवळ. दुसऱ्या दिवशी ससा किंचित पुढे, त्यानंतर आणखी पुढे. शेवटी पीटर एका हाताने खात दुसऱ्या हाताने सशाला कुरवाळू लागला.

मधे एक विघ्नही आलं होतं. पीटर आजारी पडून बरेच दिवस दवाखान्यात होता आणि तिथून परतताना एक मोठा कुत्रा त्याच्या अंगावर आला. सशाची भीती पुन्हा पहिल्यासारखी झाली. जोन्स यांनी पुन्हा लांबून सुरुवात केली.

यात दोन गोष्टी एकदम घडतात. भीतीची वस्तू इतक्या लांब असते की भीती जागी होत नाही, आणि त्याच वेळी काहीतरी हवंहवंसं मिळत असतं. हळूहळू मेंदू दोन्हींची सांगड घालतो. उलट मार्गही लोक वापरतात: मांजरीला पकडून आणायचं, मांडीवर दाबून धरायचं, "थोड्या वेळाने गप्प बसते बघ" म्हणायचं. ती गप्प बसतेही. पण ते गप्प बसणं हताश होण्याचं असतं. शरीर गोठलेलं, बुबुळं विस्फारलेली, पाय पोटाखाली घट्ट. सोडल्यावर ती पूर्वीपेक्षा दुप्पट लांब राहते.

वीतभर पुढे

मग अंगणात करायचं काय? आधी वेळ ठरवा. परभणीच्या उन्हाळ्यात दुपारी पारा चाळीस-बेचाळीसच्या वर असतो आणि मांजरंही सावलीला निपचित पडलेली असतात. मांजराचा स्वाभाविक वावर पहाटे आणि तिन्हीसांजेला, म्हणून वाडगं त्या वेळेला ठेवावं. रोज तीच वेळ, तेच भांडं, तीच जागा. आपल्याला हे कंटाळवाणं वाटेल, पण पुढे काय होणार हे आधी कळलं की भीतीचं अर्धं कारणच संपतं. पसरट मातीच्या भांड्यात पाणी मात्र दिवसभर असावं.

वाडगं कोपऱ्यात ठेवू नये. तिला निदान दोन बाजूंनी निसटता येईल, आणि खाताना माणूस व फाटक दोन्ही दिसतील, अशी जागा हवी. भिंतीच्या कडेची किंवा पायरीजवळची जागा बहुधा बरी पडते.

मग बसायचं. उभा माणूस मांजरीच्या मानाने प्रचंड असतो आणि वरून येणारी सावली हा तिच्यासाठी जुना धोका आहे. पाटावर किंवा पायरीवर, अंग थोडं तिरपं करून, पायलीभर तूर निवडत किंवा वर्तमानपत्र वाचत बसा. काहीतरी काम हातात असलेलं चांगलं, कारण मग नजर तिच्यावर खिळत नाही. ती शांतपणे खाते इतक्या अंतरावर बसायचं, आणि काही दिवस तिथेच. नंतर वाडगं वीतभर तुमच्याकडे सरकवायचं. सरकायचं ते वाडग्याने. तुम्ही तिच्याकडे सरकू नका. फरक बारीक आहे, पण मांजरीच्या बाजूने बघितलं तर सगळा अर्थ त्यात आहे: एका वेळी पाऊल तिचं पडतं, दुसऱ्या वेळी तुमचं.

अन्नाचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडे मांजर म्हणजे दूध हे समीकरण पक्कं आहे. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दुधातली साखर पचत नाही आणि पोट बिघडतं. गोड चव तर मांजराला कळतच नाही. ती ओळखणारं जनुक मांजरवंशात निकामी झालेलं आहे. मांजराला मांसच लागतं. टॉरीन नावाचं एक पोषकद्रव्य तिचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही, ते मांस-मासळीतून मिळावं लागतं, आणि ते मिळालं नाही तर डोळे व हृदय खराब होतं. अंगणातली मांजर उंदीर, पाल, चिमणी मारून ही गरज भागवते. म्हणून विश्वास कमावण्यासाठी द्यायचा खाऊ रोजच्या दूध-भाकरीहून वेगळा हवा, आणि तो तुम्ही जवळ बसला असाल तेव्हाच मिळायला हवा: मीठ-मसाल्याशिवाय उकडलेल्या कोंबडीचे दोन-चार तुकडे, उकडलेलं अंडं, धुऊन खारटपणा काढलेली सुकट. कांदा-लसूण घातलेला रस्सा देऊ नका, दोन्ही मांजरांना विषारी आहेत. ज्या घरात सामिष चालत नाही तिथे बाजारात मिळणारा मांजरांचा कोरडा खाऊ मूठभर ठेवता येतो.

उपाशी ठेवून माणसाळवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. फार भुकेलेली मांजर जीव मुठीत धरून येते, घास हिसकावते आणि पळते. त्या येण्यात ती हिसकावायला शिकते, जवळ थांबायला शिकत नाही. पोट अर्धं भरलेलं असेल तेव्हाच तिला आजूबाजूचं बघायला, तुमचा वास घ्यायला सवड असते.

डोळे, आवाज, वास

प्राण्यांच्या जगात रोखून पाहणं म्हणजे शिकारीची किंवा भांडणाची तयारी. म्हणून मांजरीकडे टक लावून बघू नये, हे जुन्या बायकांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. इंग्लंडमधल्या ससेक्स आणि पोर्टस्मथ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० मध्ये याची उलट बाजू दाखवली. माणसाने मांजराकडे बघून डोळे बारीक केले आणि सावकाश मिटले-उघडले, तर मांजरंही तसंच करतात. आणि अनोळखी माणसाने असं केल्यावर त्याच्या पुढे केलेल्या हाताजवळ येण्याची शक्यता वाढते. ती तुमच्याकडे बघून डोळे अर्धवट मिटते तेव्हा ती तुमच्यासमोर काही क्षण पहारा सोडते. तुम्हीही सोडा.

आवाज एकच ठेवावा. मांजराच्या कानाला आपल्या कित्येक पट उंच स्वर ऐकू येतात. उंदरांच्या ज्या चिवचिवाटाचा आपल्याला पत्ता नसतो, तोही. जपानमध्ये आत्सुको सायतो यांच्या प्रयोगांतून दिसलं आहे की मांजरं आपल्या माणसाचा आवाज परक्या आवाजांतून ओळखतात, आणि स्वतःचं नावही. म्हणून वाडगं ठेवताना रोज एकाच हळू स्वरात एकच हाक मारा. मनी म्हणा, चिंगी म्हणा.

वासाचं महत्त्व आपण सगळ्यात कमी ओळखतो. मांजरीच्या गालांवर, हनुवटीवर, कपाळावर गंधग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला, वाडग्याच्या कडेला ती गाल घासते तेव्हा ही जागा ओळखीची असल्याची खूण ठेवत असते. तुम्ही वापरलेला जुना सुती पंचा तिच्या झोपण्याच्या जागेजवळ टाकून ठेवा. तुम्ही नसताना तुमचा वास तिच्या खुणांमध्ये मिसळू लागतो.

पहिला स्पर्श तिने करायचा असतो. बोट पुढे करून स्थिर ठेवा, नाकाच्या उंचीवर, तिच्यापासून वीतभर. ती हुंगेल आणि बहुधा निघून जाईल; तेवढं पुष्कळ झालं. एखाद्या दिवशी हुंगून झाल्यावर गाल घासेल. मग गालावर, हनुवटीखाली एक-दोनदा बोट फिरवा आणि हात मागे घ्या. तिला अजून हवं असतानाच थांबायचं. पाठीच्या टोकाला, शेपटीच्या मुळाशी आणि पोटाला हात लावणं माणसाळलेल्या मांजरांनाही सहसा रुचत नाही. शेपूट सरळ वर उभारून ती तुमच्याकडे चालत आली, तर ते मांजरांमधलं स्नेहाचं अभिवादन आहे. शेपटीचं टोक झटकायला लागलं, कान मागे वळले, पाठीची कातडी थरथरली, की लगेच हात आवरता घ्या.

*चौकट: चावलं किंवा बोचकारलं तर*

*मांजराचे दात बारीक असतात, त्यामुळे जखम वरून छोटी दिसते पण खोल जाते आणि लवकर चिघळते. मांजरापासून रेबीजही होऊ शकतो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर रेबीजवर उपाय राहत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा आणि लशीचे ठरलेले सगळे डोस घ्या. 'घरचीच मांजर आहे' म्हणून टाळू नका. लहान मुलांनी बोचकारल्याचं लपवलं तर रागावू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणार नाहीत.*

दिवाळीचा सुतळी बॉम्ब

भाद्रपदापासून रोज वीतभर अंतर कमी झालं, मांजर पायरीवर येऊन बसू लागली, आणि दिवाळीच्या संध्याकाळी गल्लीत सुतळी बॉम्ब फुटला. चार दिवस ती दिसत नाही. येते ती पुन्हा कठड्यावर. किंवा लग्नाच्या वरातीचा डीजे, किंवा घरातल्याच कुणीतरी प्रेमाने मागून येऊन घातलेली झडप.

एवढ्याने सगळं का कोसळावं? कारण भीती पुसली जात नाही. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांना कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं की मोडलेली सवय काही काळाने आपोआप डोकं वर काढते. मेंदूतल्या भीतीच्या आठवणीचंही तसंच आहे. जुनी आठवण जागच्या जागी राहते. तिच्यावर "इथे, या माणसाजवळ, या वेळी धोका नाही" अशी नवी आठवण बसते. नवी आठवण कोवळी असते आणि त्या जागेला, त्या माणसाला चिकटलेली असते. मोठा धक्का बसला की जुनी वर येते. त्यामुळेच आईच्या हातून खाणारी मांजर मुलाला बघून पळते, आणि अंगणात गाल घासणारी तीच मांजर रस्त्यावर ओळखसुद्धा दाखवत नाही.

मोंढ्यात आडत्याची पत अशीच असते. वर्षानुवर्षं काटा बरोबर असतो म्हणून शेतकरी त्याच दुकानासमोर बैलगाडी सोडतो, आता ट्रॅक्टर लावतो. एका हंगामात वजनात मारलं असं कळलं की पुढच्या वर्षी तो दुसऱ्या दुकानी जातो. मागची बरोबर मापं वाया गेलेली नसतात, पण ती पुन्हा मोजायला लागतात. जिवाची जोखीम ज्याची, त्याने असा हिशेब ठेवणं योग्यच आहे. लहान प्राण्याला एक चूक पुरते.

दिलासा एवढाच की दुसऱ्यांदा चढण पहिल्याइतकी लांब नसते. नवी आठवणही पुसली गेलेली नसते. पहिल्या अंतरावर परत जा, दोन-चार दिवस नुसतं बसा, मग वाडगं पुन्हा सरकवा. दिवाळीत तिला दडायला जागा ठेवा: सरपणाच्या खोलीचं दार किलकिलं, आत आडवं ठेवलेलं पुठ्ठ्याचं खोकं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठाच्या २०१४ च्या अभ्यासात निवारागृहात नव्याने आलेल्या ज्या मांजरांना लपायला खोकं मिळालं, त्यांचा ताण पहिल्या काही दिवसांत इतरांपेक्षा लवकर उतरला. लपता आलं की बाहेर यायची हिंमत होते. त्या खोक्यात मात्र हात घालू नये.

पिंजरा आणि दवाखाना

कधीतरी तिला पकडावं लागतंच. मांजरीचा गाभणकाळ साधारण नऊ आठवड्यांचा असतो, आणि आपल्याकडच्या हवामानात ती वर्षातून दोन-तीनदा विऊ शकते. प्रत्येक विताची बरीच पिल्लं आजाराने, कुत्र्यांनी, गाडीखाली मरतात. तिच्यावर खरोखर जीव असेल तर शस्त्रक्रिया करून घ्यायला हवी, मग तो मिळवलेला विश्वास थोडा खर्च झाला तरी चालेल. परभणीत १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. मांजराची शस्त्रक्रिया कुठे होते, ते आधी विचारून वेळ ठरवावी.

पकडण्याची रीत अशी असावी की तिच्या आठवणीत तुमचा हात येऊ नये. पिंजरा आठवडाभर आधी अंगणात आणून ठेवा, त्याचं दार उघडं बांधून टाका आणि वाडगं रोज थोडं आत सरकवा. ती आत जाऊन निवांत खाऊ लागली की ठरलेल्या दिवशी दार पाडायचं, आणि ते शक्यतो खाऊ घालणाऱ्याने पाडू नये, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी पाडावं. लगेच पिंजऱ्यावर जाड चादर टाका. अंधारात ती धडका मारायची थांबते. हाताने, पोत्याने, जाळ्याने पकडायला जाऊ नका. शस्त्रक्रियेनंतर वेदनेसाठी माणसांची गोळी घरच्या घरी देऊ नये. पॅरासिटामॉलचा छोटा डोससुद्धा मांजराचा जीव घेतो. त्याच भेटीत रेबीजची लस टोचून घ्यावी आणि कानाचं टोक किंचित छाटून खूण करायला सांगावं, म्हणजे पुढे कुणी तिला पुन्हा शस्त्रक्रियेसाठी धरणार नाही.

परत आणून सोडायची ती तिच्याच अंगणात, आणि वाडगं त्याच वेळी त्याच जागी असलं पाहिजे.

तिची पिल्लं

मोठी झाल्यावर माणसाळलेली रानवट मांजर मांडीवर येऊन झोपेल अशी आशा धरू नये. काही येतात, बऱ्याचशा येत नाहीत. पायरीवर हातभर अंतरावर अंग चाटत बसणं, हाकेला ओ देणं, एका माणसाच्या हाताला गाल लावणं, इथवर पोचली तर ती पुष्कळ लांब आली. तिला घरात कोंडून 'घरची' करायचा हट्ट मला पटत नाही. अंगण, माळवद आणि निंबाचं झाड हेच तिचं घर आहे.

पण शस्त्रक्रियेआधी ती व्यालेली असेल, तर तुम्ही मिळवलेल्या विश्वासाचा उपयोग इथे होतो. तुमच्या अंगणाला न भिणारी मांजर पिल्लं दूर कुठे लपवत नाही. सरपणाच्या खोलीतच विते, आणि माणूस दाराशी आला म्हणून ती हलवत नाही. पिल्लं आईकडे बघून शिकतात. आई निवांत असेल तर तीही माणसाजवळ यायला धजावतात. तिसऱ्या आठवड्यापासून, ती खायला गेलेली असताना, एकेका पिल्लाला काही मिनिटं हातात घ्या. घरातल्या बायका, पुरुष, मुलं सगळ्यांनी घ्यावं, म्हणजे पिल्लाला एका माणसाची नाही, माणसांची ओळख होते. मिक्सरचा आवाज, भांड्यांचा आवाज, टीव्हीचा आवाज हळूहळू कानावर पडू द्या. चौथ्या-पाचव्या आठवड्यात मऊ खाणं सुरू होतं. ते बोटावर द्या. आठ-नऊ आठवड्यांची झाली की मांजरांमधल्या जीवघेण्या जुलाबाच्या साथीवरची पहिली लस द्या, तीन महिन्यांची झाली की रेबीजची. घरं शोधून ठेवायची ती याच दरम्यान. पिल्लं अंगावरून सुटली की दुसरं गाभणपण राहायच्या आत आईचा पिंजरा पुन्हा अंगणात आणून ठेवा, दार उघडं बांधून.